कोणाला काय मिळालं, हे कोणी ठरवलं? प्रयोग आणि निरीक्षण यांतला फरक ओळखायला शिकताना

मोबाइलवर रोज एखादा 'अभ्यास' येऊन पडतो. अमुक तेल खाणाऱ्यांचं हृदय चांगलं, तमुक माध्यमात शिकलेली मुलं पुढे, ठिबक लावलेल्या उसाचं एकरी टनेज जास्त. बीएस्सीला नुकतंच संख्याशास्त्र घेतलेली मुलं, नव्याने रुजू झालेल्या आशाताई, वडिलांकडून शेती हातात घेतलेले तरुण, बीएडचा प्रकल्प लिहिणारे शिक्षक यांना अशा वाक्यांवर विसंबून काही ना काही ठरवावं लागतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे. सूत्रं येत नसली तरी चालतील. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची उदाहरणं मुद्दाम घेतली आहेत, कारण या विषयातलं जगभर गाजलेलं एक काम आपल्याच जिल्ह्यात झालं आहे आणि ते आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे.

पहिली पायरी: वाटप कोणी केलं ते शोधा

अभ्यास हातात आला की आकड्यांकडे वळण्याआधी एक प्रश्न विचारा. दोन गटांची तुलना केली आहे, तर कोण कुठल्या गटात जाणार हे कोणी ठरवलं? संशोधकाने ठरवलं असेल तर तो प्रयोग. लोकांनी स्वतः, त्यांच्या घरच्या परिस्थितीने, डॉक्टरांनी किंवा सरकारने ठरवलं असेल आणि संशोधकाने घडलेल्या गोष्टीची नोंद तेवढी घेतली असेल, तर तो निरीक्षणात्मक अभ्यास.

समजा, खानापूर तालुक्यातल्या शंभर शेतकऱ्यांना विचारलं की तुम्ही भात श्री पद्धतीने (कोवळी रोपं एकेकटी, अंतर ठेवून) लावता की नेहमीच्या, आणि दोघांचं एकरी उत्पन्न मोजलं. हे निरीक्षण झालं. आता त्याच शंभर जणांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकल्या, निघालेल्या पन्नास जणांना श्री पद्धतीने आणि उरलेल्यांना नेहमीच्या पद्धतीने लावायला सांगितलं. हा प्रयोग झाला. शेतं तीच, वजनकाटा तोच, फक्त वाटप करणारा बदलला.

प्रयोग म्हटलं की नव्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा, काचेच्या नळ्या आणि पांढरा कोट येतो. तो समज आधी काढून टाका. लाखो रुपयांच्या यंत्राने केलेली तपासणीही निरीक्षण असू शकते, आणि खेड्यातल्या घरी झालेलं बाळंतपण प्रयोगाचा भाग असू शकतं. दुसऱ्या गोष्टीचं खरं उदाहरण तिसऱ्या पायरीवर येईल.

दुसरी पायरी: निवड लोकांनी केली असेल तर तिसरी गोष्ट शोधा

मूल मराठी शाळेत घालायचं, कन्नड माध्यमात की इंग्रजी, हा वाद आपल्याकडे घरोघरी आहे. समजा, कोणी एसएसएलसीचे, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचे, निकाल गोळा केले आणि त्यात इंग्रजी माध्यमाच्या मुलांची सरासरी मराठी माध्यमापेक्षा जास्त निघाली. त्यावरून 'इंग्रजी माध्यमामुळे गुण वाढतात' असं म्हणता येईल का?

पहिल्या पायरीवरचा प्रश्न लावा. माध्यम कोणी ठरवलं? आईवडिलांनी. मग आईवडिलांत फरक काय आहे ते बघा. टिळकवाडीतल्या एखाद्या घरात दोघंही पदवीधर आहेत, दोघांना पगार आहे, संध्याकाळी शिकवणी आहे, मुलाला अभ्यासाला वेगळी खोली आहे. जांबोटी-कणकुंबीच्या जंगलपट्ट्यातल्या दुसऱ्या घरातलं मूल पावसाळ्यात ओढा ओलांडून शाळेला जातं आणि सुगीच्या दिवसांत त्याची शाळा बुडते. पहिलं मूल इंग्रजी माध्यमात असण्याची शक्यता जास्त आणि त्याला गुण जास्त मिळण्याचीही शक्यता जास्त, आणि या दोन्हींच्या मुळाशी घरची परिस्थिती आहे. माध्यमाचा स्वतःचा परिणाम किती, शून्य की थोडा, की चक्क उलटा, हे त्या सरासरीतून कळत नाही.

ही जी तिसरी गोष्ट, निवडीवरही परिणाम करते आणि निकालावरही, ती शोधणं हे निरीक्षणात्मक अभ्यास वाचताना करायचं सर्वांत महत्त्वाचं काम आहे. कागदावर दोन रकाने आखा. एकात 'हा गट कोण निवडतं' आणि दुसऱ्यात 'निकाल कशाकशाने बदलतो' ते लिहा. दोन्ही रकान्यांत आलेली प्रत्येक गोष्ट संशयित. आईचं शिक्षण, उत्पन्न, शाळेपर्यंतचं अंतर, शिकवणी: चारही नावं दोन्हीकडे येतील.

मग संशोधकाने या संशयितांचं काय केलं ते पाहा. एकाच गावातली, आईचं शिक्षण सारखं असलेली मुलं निवडून तुलना केली आहे का? एका भावाला मराठी शाळेत आणि दुसऱ्याला इंग्रजीत घातलं अशी घरं शोधली आहेत का? अशी जोडी लावून केलेली तुलना नुसत्या सरासरीपेक्षा कितीतरी भरवशाची. तरीही मुलाच्या अभ्यासाची घरच्यांना किती चिकाटी आहे, हे कुठल्या फॉर्मवर लिहिलेलं नसतं आणि जे मोजलंच नाही त्याची जोडी लावता येत नाही. मराठी शाळांबद्दल मला मनापासून आस्था आहे. त्या बंद कराव्यात की त्यांना बळ द्यावं, असे निर्णय अर्धवट तुलनेवर होऊ नयेत, म्हणूनच हे उदाहरण इतकं ताणलं.

तिसरी पायरी: चिठ्ठीने नेमकं काय साधतं ते समजून घ्या

आता आपल्या जिल्ह्यातलं काम. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचं जगभरातलं एक मोठं कारण. त्यावर ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन चालतं, पण ते थंड जागी ठेवावं लागतं आणि द्यायला शिकलेला हात लागतो. मिसोप्रोस्टॉलची गोळी साध्या तापमानाला टिकते आणि तोंडावाटे घेता येते. खेड्यात, घरी किंवा उपकेंद्रात होणाऱ्या बाळंतपणात ही गोळी रक्तस्राव टाळते का, असा प्रश्न होता.

बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मिळून सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात जिल्ह्याच्या ग्रामीण भागात हा प्रयोग केला. बाळंतपणं केली ती २५ एएनएम सिस्टरनी, म्हणजे गावपातळीवरच्या प्रशिक्षित परिचारिकांनी. १६२० माता सहभागी झाल्या. कोणाला काय मिळणार हे रँडम पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखं, ठरलं होतं: ८१२ जणींना मिसोप्रोस्टॉल आणि ८०८ जणींना औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो. आपल्या हातातली गोळी कुठली, हे ना बाळंतिणीला माहीत होतं ना सिस्टरला. निकाल २००६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. प्लासिबोच्या गटात १२ टक्के मातांना अतिरक्तस्राव झाला, औषधाच्या गटात ६.४ टक्क्यांना. साधारण १८ जणींना गोळी दिली की एकीचा अतिरक्तस्राव टळतो, असा याचा हिशेब निघतो. गोळीने काही जणींना थंडी वाजली, ताप आला, पण तो थोड्या वेळाने उतरला. पुढे २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या वापरासाठी मिसोप्रोस्टॉलला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

हेच काम निरीक्षणाने केलं असतं तर काय झालं असतं? समजा, सिस्टरना गोळ्या देऊन ठेवल्या असत्या आणि 'वाटेल तिला द्या' असं सांगितलं असतं. चांगली सिस्टर काय करेल? जिचा चेहरा पांढरा पडलाय, जिला आधी चार बाळंतपणं झालीत, जिच्या कळा रात्रभर चालल्यात, तिला ती आधी गोळी देईल. शेवटी आकडे काढले तर गोळी घेतलेल्या बायकांमध्येच रक्तस्राव जास्त दिसेल आणि जीव वाचवणारं औषध कागदावर घातक ठरेल. उलट, गोळी फक्त मोठ्या दवाखान्यात मिळत असती, तर रस्ता, गाडी, डॉक्टर, रक्तपेढी या सगळ्यांचं श्रेय एकट्या गोळीने खाल्लं असतं. सिस्टरचा प्रामाणिकपणा दोन्ही ठिकाणी पूर्ण आहे. अडचण वाटपात आहे.

चिठ्ठीला कोणाचा चेहरा दिसत नाही. त्यामुळे अशक्त, सशक्त, पहिलटकरीण, पाचवं बाळंतपण असलेली, अशा सगळ्या बायका दोन्ही गटांत साधारण सारख्या वाटल्या जातात. मोजलेल्या गोष्टी सारख्या होतात तशाच न मोजलेल्याही, आणि ही दुसरी गोष्ट निरीक्षणाला कधीच पूर्णपणे जमत नाही. मग शेवटी जो फरक दिसतो त्याला दोनच कारणं उरतात: गोळी किंवा निव्वळ योगायोग. योगायोगाने इतका फरक पडण्याची शक्यता किती, हे गणिताने काढता येतं. चाचण्या आणि पी-मूल्य वर्गात शिकवतात ते याच कामासाठी.

या प्रयोगातल्या मोजमापाकडेही लक्ष द्या. बाळंतपणात रक्त किती गेलं याचा डोळ्यांनी केलेला अंदाज बहुतेक वेळा कमीच निघतो. म्हणून इथे मातेखाली मापं छापलेली प्लॅस्टिकची चादर घालून रक्त प्रत्यक्ष मोजलं. वाटप कितीही चोख असलं तरी मोजमाप अंदाजपंचे असेल तर खरा फरक धूसर होतो.

एक नाजूक शंका इथे येते. अर्ध्या बायकांना औषध नसलेली गोळी देणं योग्य होतं का? तेव्हा त्या घरगुती बाळंतपणात मातेला असं कुठलंच औषध मिळत नव्हतं आणि गोळीचा उपयोग होतो की नाही हे ठाऊक नव्हतं. दोन्ही गटांवर तीच प्रशिक्षित सिस्टर लक्ष ठेवून होती. उत्तर खरोखर माहीत नसतं, तेव्हाच असा प्रयोग करायला परवानगी मिळते. आज तोच प्रयोग पुन्हा करायचा म्हटलं तर नैतिक समिती तो थांबवेल आणि थांबवायलाच हवा.

चौथी पायरी: 'रँडम' या शब्दाची झडती घ्या

अनेक प्रकल्पांत लिहिलेलं असतं, 'विद्यार्थ्यांची रँडम विभागणी केली'. खोदून विचारलं की कळतं, पुढच्या बाकांवरची मुलं एका गटात घेतली होती किंवा सकाळी येणाऱ्यांना एक आणि दुपारी येणाऱ्यांना दुसरं दिलं होतं. हे रँडम नव्हे. पुढे बसणारं मूल आणि मागे बसणारं मूल आधीपासूनच वेगळं असतं. नाणं, चिठ्ठी किंवा संगणकाने काढलेले आकडे यांतलं काहीतरी वापरलेलं असायला हवं आणि पुढची चिठ्ठी काय निघणार हे वाटप करणाऱ्याला आधी कळता कामा नये. क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची ब्रिटनमधली चाचणी १९४८ साली प्रसिद्ध झाली. त्यात कोणाला काय द्यायचं ते बंद लिफाफ्यांत ठेवलं होतं. सोय साधी होती, पण कळवळ्याने का होईना, कोणी वाटपात हात घालू नये याची तजवीज तिने झाली.

आणखी एक बघा. मध्येच सोडून गेलेल्यांचं काय केलं? ज्याच्या वाट्याला जो गट आला त्याच गटात त्याला शेवटपर्यंत मोजायला हवं, मग त्याने गोळी घेतलेली असो वा नसो. नाहीतर चिठ्ठीने जुळवलेले गट लोकांच्या मर्जीने पुन्हा बिघडतात.

पाचवी पायरी: नमुना रँडम की वाटप रँडम?

इथे जवळजवळ प्रत्येक नवा विद्यार्थी अडखळतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरं रँडम पद्धतीने निवडली जातात. तरीही ते निरीक्षणच आहे, कारण त्या घरांत कोणाला काही वाटून दिलेलं नाही. घरं रँडम निवडल्याने तिथला आकडा पूर्ण राज्याला किंवा जिल्ह्याला लागू करता येतो. वाटप रँडम असलं की कारण आणि परिणाम यांबद्दल बोलता येतं. मिसोप्रोस्टॉलच्या प्रयोगात वाटप रँडम होतं, पण त्या माता भारतातल्या सगळ्या मातांमधून निवडलेल्या नव्हत्या. म्हणून 'गोळीमुळे रक्तस्राव कमी झाला' हे ठामपणे म्हणता येतं, आणि दुसऱ्या प्रदेशात परिणाम नेमका तेवढाच होईल का, याचा विचार वेगळा करावा लागतो.

सहावी पायरी: प्रयोग करताच येत नसेल तेव्हा

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम केल्याने बायकांच्या फुप्फुसांवर परिणाम होतो का? याचा प्रयोग होणार नाही. चिठ्ठी टाकून पन्नास जणींना वीस वर्षं तंबाखूच्या धुळीत बसवणं हा गुन्हा ठरेल. इथे निरीक्षणच करायचं आणि ते नीट करायचं.

समजा, हे काम तुमच्याकडे आलं. तुलना कोणाशी कराल? कॉलेजातल्या बाईंशी केली तर दुसऱ्या पायरीवरची चूक होईल, कारण त्यांचं घर, जेवण, चूल, दवाखाना सगळंच वेगळं. त्याच गल्लीतल्या, त्याच वयाच्या, शेतमजुरीला जाणाऱ्या बायकांशी करा. घरात चुलीचा धूर आहे का, मिश्री लावतात का, हे दोन्ही गटांना विचारा. त्याहून मोठा फास पुढे आहे. आज वखारीत कामावर असलेल्याच बायका तपासल्या, तर त्या बऱ्यापैकी धडधाकट दिसतील. ज्यांना दम लागायला लागला त्या काम सोडून घरी बसल्या, त्या तुमच्या यादीत आल्याच नाहीत. म्हणून यादी आजच्या हजेरीपटावरून करू नका. दहा वर्षांपूर्वी कामावर कोण होतं ते शोधा आणि त्या प्रत्येकीच्या घरी जा. हे काम चपला झिजवणारं आहे, पण त्याशिवाय उत्तर मिळत नाही.

धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध याच मार्गाने सिद्ध झाला. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० साली रुग्णालयातल्या रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली. मग १९५१ पासून ब्रिटनमधल्या डॉक्टरांकडून त्यांच्या सवयी लिहून घेतल्या आणि वर्षानुवर्षं त्यांचा माग ठेवला. सिगारेटी जितक्या जास्त, तितके मृत्यू जास्त. सोडणाऱ्यांचा धोका पुढे कमी होत गेला. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या पद्धतींनी तेच उत्तर आलं. स्ट्रेप्टोमायसिनच्या त्या चाचणीत लिफाफ्यांची योजना करणारे हिलच होते. जिथे चिठ्ठी टाकता आली तिथे त्यांनी टाकली, जिथे टाकणं अशक्य होतं तिथे चिकाटीने निरीक्षण केलं. तेव्हा 'निरीक्षण आहे, म्हणजे सोडून द्या' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. तंबाखूच्या बाबतीत ते ऐकलं असतं तर किती माणसं गेली असती याचा विचार करा.

मात्र उलटाही धडा आहे. रजोनिवृत्तीनंतर हार्मोन घेणाऱ्या बायकांना हृदयविकार कमी होतो, असं अमेरिकेतल्या मोठमोठ्या निरीक्षणांत दिसत होतं. २००२ साली १६,६०८ बायकांच्या रँडम प्रयोगाचा निकाल आला, तर एकत्रित हार्मोन घेणाऱ्यांत हृदयविकार कमी झालेला नव्हता, किंचित वाढलेला होता. हार्मोन स्वतःहून घेणाऱ्या बायका मुळातच जास्त शिकलेल्या, तब्येतीला जपणाऱ्या होत्या, हे त्या घोटाळ्यामागचं एक कारण.

या दोन टोकांच्या मध्ये कसं काम करावं याचा चांगला नमुना शेजारी हुबळी-धारवाडला आहे. बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्गा इथल्या काही भागांत चोवीस तास पाणी देण्याची योजना आधी राबवली गेली. बाकी शहराला पाणी काही दिवसांआड यायचं. ते भाग चिठ्ठीने निवडलेले नव्हते. संशोधकांनी हुबळी-धारवाडमध्ये चोवीस तास पाण्याच्या वॉर्डांशी मिळतेजुळते, पाणी काही दिवसांआड येणारे वॉर्ड शोधले आणि ३,९२२ घरांची माहिती घेतली. २०१५ साली आलेल्या निष्कर्षांत पाच वर्षांखालच्या मुलांच्या एकूण जुलाबांत फरक दिसला नाही. पण कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांत रक्ती जुलाब कमी होते आणि टायफॉइड झाल्याचं सांगणारी घरंही कमी होती. शीर्षकात त्यांनी 'संबंध' असा शब्द वापरला, 'परिणाम' असा नाही. शब्दांची ही काळजी तुमच्या प्रकल्पातही घ्या. निरीक्षण केलं असेल तर 'आढळतं', 'सोबत दिसतं' असं लिहा. 'मुळे' हा शब्द प्रयोगासाठी राखून ठेवा.

सातवी पायरी: स्वतःच्या शेतात करून बघा

वाचून जेवढं कळतं त्याहून जास्त एका हंगामात कळतं. येळ्ळूरच्या शिवारात तुमचं भात आहे आणि नवं खत जुन्यापेक्षा चांगलं आहे का ते पाहायचं आहे, असं धरू. बहुतेक जण वरच्या अर्ध्या शेतात नवं आणि खालच्या अर्ध्यात जुनं घालतात. खालच्या बाजूला पाणी जास्त वेळ थांबतं, गाळ साचतो. मग फरक खताचा की जागेचा, कसं सांगणार?

इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्रात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ साली रुजू झाले आणि याच अडचणीतून त्यांनी प्रयोगांची आखणी उभी केली. त्यांची युक्ती आपल्या बांधावरही चालते. २४ गुंठ्यांचे दोन-दोन गुंठ्यांचे बारा वाफे पाडा. शेजारशेजारच्या दोन वाफ्यांची एक जोडी, अशा सहा जोड्या करा. जोडीतल्या दोन्ही वाफ्यांची माती, उतार आणि पाणी जवळपास सारखं हवं. प्रत्येक जोडीसाठी नाणं उडवा: छापा आला तर डाव्या वाफ्याला नवं खत, काटा आला तर उजव्याला. नाण्याचा कौल आवडला नाही तरी बदलू नका. मध्ये छोटा बांध घाला, नाहीतर पाण्याबरोबर खत शेजारच्या वाफ्यात जाईल. रोप, लावणीची तारीख, भांगलण, फवारणी दोन्हीकडे एकच ठेवा.

कापणीला प्रत्येक वाफ्याचं भात वेगळं मळा, वेगळ्या पोत्यात भरा आणि पोत्यावर फक्त वाफ्याचा क्रमांक टाका. वजन करणाऱ्याला कुठल्या पोत्यात कुठलं खत ते कळू देऊ नका. मग जोड्या लावून बघा. सहाही जोड्यांत नवं खत सरस निघालं, तर खतात काहीच फरक नसताना निव्वळ योगायोगाने असं होण्याची शक्यता ६४ मध्ये एक आहे, कारण प्रत्येक जोडीत अर्धी-अर्धी शक्यता आणि अशा सहा जोड्या. सहापैकी पाच किंवा जास्त जोड्यांत सरस येण्याची शक्यता ६४ मध्ये सात, म्हणजे जवळजवळ ११ टक्के. तेवढ्यावर सगळ्या शेताचं खत बदलायची घाई करू नका. वजनातला फरक किती किलोचा आहे आणि त्या भाताच्या पैशात नव्या खताचा जादा खर्च निघतो का, तेही मांडा. पुढच्या हंगामात नाणं नव्याने उडवून पुन्हा करा, किंवा शेजारच्या दोन शेतकऱ्यांना सोबत घ्या. तिघांच्या मिळून अठरा जोड्या झाल्या की एकाच हंगामात बरंच स्पष्ट उत्तर मिळतं. कुठल्या जोडीत नाणं काय पडलं, ते त्याच दिवशी वहीत तारखेसकट लिहून तिघांच्या सह्या घ्या.